मेहुण्यावर ज्युडो

…नाही, पण जोर लावायचा नाही म्हणजे माणसानं करायचं तरी काय? तुम्हाला सांगतो, पन्नाशीत मी ज्युडो शिकायला गेलो तो काही हौस म्हणून नाही, मेहुण्यामुळे! बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. नोकरीच्या मुलाखतीसाठी म्हणून आठ दिवस आला, त्याला आता चौथा महिना लागलाय! घरात खोल्या दोन. एक झोपायची, दुसरी माझ्या कामाची… मी घरांचे नकाशे काढतो हो, त्यावरच तर चूल पेटते! त्या खोलीत हा अकरापर्यंत घोरतो आणि माझ्या नकाशांच्या टेबलावर याचे पायमोजे वाळतात. मी काम कुठं करतो? इस्त्रीच्या टेबलावर, उभ्यानं! परवा एका गिऱ्हाइकाच्या दुमजली घराला जिनाच काढायला विसरलो. "आणखी एक चूक, की काम दुसऱ्याला," तोंडावर सांगितलं त्यांनी.

बायकोला म्हटलं, अगं, जरा सुचव ना त्याला. तर, "अहो, माझा भाऊ जड झाला का तुम्हाला? तुमची आत्या दोन महिने राहिली, तेव्हा मी चकार शब्द काढला होता?" झालं! आत्याचा विषय निघाला की मी आपला परत इस्त्रीच्या टेबलाकडे!

म्हणून क्लास. शिकवणारी मुलगी एवढीशी, माझ्या निम्म्या वजनाची, पण पहिल्याच दिवशी असं आपटलं मला… डोळे उघडले तर वर पंखा, आणि पंख्याखाली तिचा शांत चेहरा. "काका, जोर लावायचा नाही. समोरचा ढकलतोय ना, ढकलू दे. उलट ओढा त्याला. आपल्याच जोरानं पडतो तो." पटलं हो मला! आयुष्यभर हेच तर चुकत आलं होतं माझं!

दुसऱ्याच दिवशी प्रयोग. मेहुणा चहा ढोसत म्हणतो, "भाऊजी, अजून आठ दिवस राहिलो तर चालेल ना?" तळपायाची आग मस्तकात गेली… पण नाही! जोर लावायचा नाही! "आठ दिवस? अरे वेड्या, वर्षभर राहा! घर तुझंच आहे!" आणि बघत बसलो… आता ओशाळेल, आता पडेल, आता बॅग भरेल… त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो! "भाऊजी, देवमाणूस आहात! मला विचारायचा धीरच होत नव्हता. माझ्या बायकोला आणि जुळ्या पोरांना गावाहून उद्याच बोलावून घेतो!" बायको आतून धावत आली आणि लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या कौतुकानं बघितलं तिनं माझ्याकडे, की 'गंमत केली' म्हणायचीही सोय उरली नाही.

तसाच तडक क्लासला गेलो. म्हटलं, "अहो, नाही लावला जोर! ओढलं! पडला नाही तो!"

"पडला की काका, तुमच्या अंगावर पडला. ओढलं की आपण चटकन बाजूला व्हायचं असतं."

बाजूला! जुळी कालच आली, इस्त्रीचं टेबलही गेलं, आणि ही म्हणते बाजूला व्हा… अहो, बाजूला व्हायला घरात जागा असती, तर ज्युडो कशाला शिकलो असतो मी?