अपूर्वच्या उडीला सात

— नाही सर, भांडत नाही मी. स्टेशनला सोडतो म्हटलं ना, सोडतोच. नुसतं विचारतोय, कालच्या बास्केटबॉलच्या डंक स्पर्धेत अपूर्वला दहापैकी सात का? बाकीच्या दोघा पंचांनी नऊ-नऊ दिले, तुम्हीच सात. तुम्ही ठाण्याहून आलेले, इथे कोणाशी तुमची ओळख ना पाळख, म्हणून तुमच्याकडूनच खरं कळेल असं वाटलं. अपूर्व माझा धाकटा भाऊ. हे रिक्षात बसायच्या आधी सांगायला हवं होतं, पण मला असं चटकन बोलता येत नाही.

पहिल्या उडीला बॉल रिंगवर आपटला, त्याचे कापलेत? पण दुसरी संधी नियमातच होती की! मग बसली ती उडी बघायची, हुकली ती कशाला धरून ठेवायची? आणि उंचीचं काय? जिंकलेला स्वरूप अलोऱ्याचा, सहा फूट तीन इंच. त्याला रिंग म्हणजे आमच्या आईला फळीवरचा डबा, जरा टाचा उचलल्या की हाताला लागतो. अपूर्व पाच फूट सात. त्याने डंक मारायचा, उडून वरून रिंगेत बॉल घालायचा, म्हणजे — तुम्हीच सांगा. आमच्याकडे रिंग कुठली हो! झेला असतो ना, आंबे उतरवायची काठी, टोकाला जाळीवाली — हंगाम संपला की बागेत मी तो धरून उभा आणि हा पळत येऊन जाळीत बॉल घालणार. "दादा, वर धर. अजून वर." माझी मान आखडायची, तरी झेला अजून वर न्यायचो. बागवाले भास्करकाका म्हणायचे, "अरे, झेल्याने आंबे उतरवतात, तू भाऊ चढवतोयस!"

हळू चालवतोय का? गाडीला वेळ आहे सर. रात्री झोप नाही, म्हणून जरा जपून. काल मैदानावरून आल्यापासून अपूर्व बोलत नाही. तुमच्यावर राग नाही त्याचा, सात त्याने मुकाट घेतले. माझ्याशी बोलत नाही. जेवला, ताट उचललं, आत गेला. आता बॉलला हात लावणार नाही म्हणतो — तेही आईला सांगितलं, मला नाही. स्वरूपची शेवटची उडी आठवते ना? रिंगला पाठ करून उडाला, हवेतच बॉल ह्या हातातून त्या हातात, आणि मान न वळवता — आईशप्पथ! सगळेच ओरडत होते हो. मी बाकावर चढलो होतो. शिट्टी मारली. मला शिट्टी येते हे मलाच माहीत नव्हतं. खाली बघितलं तर सगळं मैदान स्वरूपकडे बघतंय आणि अपूर्व माझ्याकडे.

म्हणून म्हणतो, तुम्ही त्याला फोनवर एकदाच सांगितलंत, सात चुकून पडले, नऊच द्यायचे होते — तर मलाही तोंड राहील त्याच्यासमोर...

काय? लावू फोन? खरंच सांगाल तसं?

— नको. थांबा सर, नको. मारुती मंदिरापासून तुमच्या मागे लागलोय खरा, पण तुम्ही इतक्या पटकन हो म्हणाल असं वाटलं नव्हतं. त्याला खेळातलं कळतं सर. तुम्ही खोटं बोललात हे त्याला पहिल्या वाक्याला कळेल, आणि ते बोलायला कोणी लावलं तेही.

स्वरूपची दहाचीच होती.

आणि आमची — साडेसात. फार तर साडेसात.

उतरा सर, स्टेशन आलं.