टांगून घेण्याची पाळी

आणि वर मलाच विचारतात, "तेरकामावशी, तुम्ही घाबरता?" अहो, घाबरू नको तर काय नाचू? तुम्हाला सांगते, बावीस वर्षं झाली, या गरम पाण्याच्या हौदात मी माणसं टांगतेय! खरंच टांगतेय… हनुवटीखालून गळ्याला पट्टा, घोट्यांना शिशाची वजनं, वरच्या दांडीला अडकवायचं नि पाण्यात सोडायचं सरळ, म्हणजे आखडलेला कणा सुटतो. धुराड्यात सॉसेजं लटकावीत तशी लटकतात बिचारी! आणि प्रत्येकाला मी म्हणते, "काही होत नाही हो!"

मी स्वतः? एकदाही नाही!

आता माझाच डावा पाय बधिर झाला, तर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं: दहा वेळा टांगा, नाही गुण आला तर पाठीवर सुरी. सुरी! माझ्या बहिणीची पाठ अशीच उघडली, ती अजून काठीवर चालते. इकडे फास, तिकडे सुरी… निवडा मावशी!

टांगायला कोण? इलोना, माझ्याच हाताखाली शिकलेली. "मान वर, मावशी. काही होत नाही हो!" माझाच सूर, माझाच ठसका! पट्टा आवळला, पायाखालची पायरी सुटली… मारिया माते! कान गच्च, हाक मारावी तर जबडा उघडेना. वीस मिनिटांवर एक मिनिट नाही, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलाय. आणि घड्याळ कुठे? पाठीमागे!

तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका. आधी तुर्कांच्या काळातल्या न्हाणीघराचा घुमट बघतात, मग कुजक्या अंड्याच्या वासाचं औषधी पाणी पिऊन तोंडं वाकडी करतात, आणि शेवटी आम्ही. वाटाड्या म्हणतो, "हा आमच्या गावचा वारसा!" माझ्याकडे हात करून! आणि इलोना निघाली त्यांच्यामागून घुमटाला कुलूप लावायला… गेली ती गेलीच! झाला असेल की तास! विसरली मला! शेजारी लटकलेले ओदोनकाका, अकरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, दातांतून पुटपुटले, "काही होत नाही हो!" मेला म्हातारा हसत होता!

इलोना आली. "हुं हुं काय लावलंय, मावशी? अठराच मिनिटं झालीत."

पायाचा अंगठा मात्र जरासा हलला. म्हणजे उरलेल्या नऊ वेळा टाळायची सोयच नाही!

दुसऱ्या दिवशी आधी घड्याळ समोर लावलं. मग एक मास्तरीण पहिल्यांदाच टांगून घ्यायला आली, पट्टा बघून पांढरीफटक. "खरं सांगा हं, मावशी, भीती वाटते?" ठरवलं, आज खरंच सांगायचं. तोंड उघडलं… आणि बाहेर काय पडलं? "काही होत नाही हो!"

मग काय करू? खरं सांगितलं तर सगळे पळतील, आणि गुरुवारी माझ्या पुढच्या पाळीला मी एकटीच लटकू?