पोपच्या नाण्याला कडी

अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या सराफी दुकानात गोगटेकाका बायकोचं मंगळसूत्र ओवून मिळायची वाट पाहत बसले होते. शेजारी एक आई आणि तिचा मुलगा भांडत होते. काकांनी संकोचून जाहिरातीचा कागद डोळ्यांसमोर धरला, पण कान काही मिटता येईनात.

“आई, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पोपचं नाणं! त्याला तू कडी लावून घेतलीस?”

“माळेत ओवायला. पोपच्या चेहऱ्याला कुठे धक्का लागलाय?”

“पाच वर्षं शोधत होतो मी! माझ्या कलेक्शनमधलं सगळ्यात रेअर!”

“डबीत ठेवून कुणाला दिसतं?”

“कडी लागली की नाणं संपलं, आई. नुसतं सोनं उरतं.”

“असं?”

“असंच!”

“माझ्या सासूबाईंच्या माळेतल्या बावीस पुतळ्या, तीही जुनी सोन्याची नाणीच, वितळवून त्या पैशांत तू हे आणलंस. तेव्हाही हेच म्हणाला होतास. ‘कड्या लागल्यात, नुसतं सोनं आहे.’”

“ते वेगळं होतं.”

“मावशी,” दुकानदार चाचरत म्हणाला, “कडी काढू? डाग मात्र राहील.”

“मुळीच नको. आता नुसतं सोनंच आहे ना? मग दोऱ्यात ओवा आणि माझ्याकडे द्या. अजून एकवीस यायच्यात.”