खूण पुसणारे अण्णा

तुम्ही हसाल, पण माझं संशोधन आयुष्यात मन लावून ऐकलं ते एकट्या आमच्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी. आणि त्याचीच मला अजून हळहळ वाटते.

दुष्काळाची वर्षं होती. बिडकीनला घरासमोरचा कडुलिंब अण्णांनी धुण्याभांड्याच्या पाण्यावर जगवला होता. तेवढ्यात रस्ता रुंद करायचं निघालं आणि त्याच्यावर तोडायची लाल फुली आली. मी सुट्टीला घरी होते. अण्णांनी विचारलं, "तू लॅबमधी नेमकं काय करतीस गं?"

म्हटलं, "पेशीत नको असलेल्या प्रोटीनवर युबिक्विटिनची खूण लागते. खूण लागली की पेशी ते तोडून टाकते."

"आन् खूण पुसली तर?"

"तर वाचतं ना! ती पुसणारं एन्झाइमच तर माझा विषय आहे," मी ऐटीत सांगितलं.

सकाळी बघते तर अण्णा रॉकेलच्या बोळ्यानं झाड घासतायत. फुली साफ गेली. मी हसून फोटोसुद्धा काढला.

तोडायला माणसं आली तेव्हा अण्णा पुढं झाले. "याच्यावर कुठंय खूण?"

मुकादम वादात पडलाच नाही. त्यानं गाडीतून रंगाचा डबा काढला, पहिलीपेक्षा मोठी फुली मारली आणि करवत चालू करायला सांगितली.

झाड आडवं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "तुझ्या पेशीत खूण लावणारे किती असत्यात?"

"पुसणाऱ्यांपेक्षा लई जास्त, अण्णा."

"मंग ते आधी सांगायचं व्हतं."