नळ दाखवण्याचा कार्यक्रम

नाही नाही, तिथंच बसा मामा, पंख्याखाली — म्हणजे लाईट आली की ती जागा पंख्याखालचीच आहे. मुलाचा मामा म्हणजे आम्हाला मुलाच्या बापापेक्षा मोठा माणूस, महादेवप्पा, तुम्हाला उकाड्यात बसवून कसं चालेल — घ्या, बशीभर सुशीला घ्या, मुरमुरे आपल्या उदगीरचेच आणि फोडणी आमच्या महानंदाची. आधी एकटे आलात ते बरं केलंत. मामानं घर बघायचं, मग मंडळींनी येऊन मुलगी बघायची. आणि यंदा घर म्हणजे काय हो? घर म्हणजे नळ. भिंती कोण बघतो? थोरलीच्या वेळी पाव्हण्यांनी शेत किती, भाऊ किती, असं विचारलं होतं. आता चप्पल काढायच्या आधी विचारतात, नळ कितव्या दिवशी येतो. तुम्हीही विचारा की, लाजता कशाला? आमच्याकडं आहे. मागं मोरीजवळ नळ आहे, सोडून बघा — आत्ता नको, आधी खाऊन घ्या.

हे काय, कार्ड? 'उपाध्यक्ष, नवीन जिल्हा कृती समिती.' वा! जाड कागद आहे. नाही, पुढं काही बोलत नाही मी. पडद्याआडून खोकतेय ना, ती महानंदाची आई, शिवगंगा — सकाळीच तंबी दिलीय तिनं: जिल्ह्यावर बोलायचं नाही, पेपर वाचून दाखवायचा नाही, स्वतःच्या बोलण्यावर स्वतः हसायचं नाही. मागली दोन स्थळं माझ्या तोंडामुळं गेली म्हणते. आता तहसीलात जन्मभर कारकुनी केली, साहेबांपुढं तोंड मिटून बसलो. रिटायर झाल्यावर उघडलं ते मिटेना, यात माझा काय दोष? तेव्हा जिल्ह्याचं राहू द्या. फक्त एवढंच की सव्वीस जानेवारी जवळ आली की आमच्या मोबाईलवर उदगीर जिल्हा होतो. दरवर्षी होतो. यंदा तर नव्या कलेक्टरचा फोटोसुद्धा आला — गोरापान, हसरा. मागाहून कळलं, तो चष्म्याच्या जाहिरातीतला माणूस. पण तोवर चौकात पेढे वाटून झाले होते. आणि पेढा खाल्ला की माणसाला पाणी लागतं, हे काही समितीच्या ध्यानात आलं नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, पेढा जिल्ह्याचा, तर पाणी तालुक्याला का मागता? — बघा, खोकली. सोडला विषय.

पेपरातलं एक सांगतो, ते राजकारण नाही, विज्ञान आहे. ढगाला गाठून पाऊस पाडणारं विमान येणार होतं ना — विमान आलं तेव्हा ढग नव्हता, ढग आला तेव्हा विमान दुरुस्तीला. अखेर दोघांची गाठ पडली ती पार कर्नाटकात. लगेच आपले पुढारी निवेदन घेऊन निघाले: आमचा ढग पळवला! ढगाला काय सातबारा असतो का? बरं, हेही राहू द्या. टँकरचं ऐका, ते तर आमच्या दारातलं आहे. टँकरला आता यंत्र बसवलंय, जीपीएस. टँकर कुठं आहे ते वर उपग्रहाला कळतं, तो ऑफिसला सांगतो, ऑफिस मला मेसेज पाठवतं — 'आपल्या गल्लीत टँकर पोहोचला आहे.' सगळी गल्ली घागरी घेऊन रस्त्यावर! मोबाईलवर बघावं तर टँकर बरोबर आमच्या उंबऱ्यापाशी, निळा ठिपका, लुकलुक करतोय. उंबऱ्यापाशी बघावं तर मोटारसायकल. वर एक माणूस पान खात बसलेला. जरा थांबायचा, पिचकारी टाकायचा, निघून जायचा. रोज तेच. शेवटी शेजारच्या अमीरबीचा ताहेर, टीव्ही दुरुस्त करतो तो, त्यानं एक दिवस त्या गाडीची डिक्की उघडली अन् काडेपेटीएवढं यंत्र वर धरून मला दाखवलं — "चाचा, ये देखो तुम्हारा टँकर!" म्हणजे टँकर कुणाच्या तरी बांधकामावर रिकामा होणार, आणि गल्लीतल्या फेऱ्या मोटारसायकल मारणार. उपग्रहाला काय कळतंय, वरून सगळं सारखंच. मी तर म्हणालो, हा जो कोण ठेकेदार असेल ना, त्याच्या डोक्याचा नव्या जिल्ह्यात पहिला सत्कार करा! — हसा की मामा. घास अडकला का?

अं? कुणाचे टँकर? दाजींचे... तुमचे दाजी म्हणजे मुलाचे वडील. म्हणजे आमचे होणारे व्याही. अहो मग आधी नाही का सांगायचं! बायोडाटात 'वाहतूक व्यवसाय' लिहिलंय, मला वाटलं सोयाबीनचे ट्रक असतील. नाही, पण तसं बघितलं तर यात वाईट काय आहे? रस्ते हे असले, टँकरचे टायर झिजतात, मोटारसायकल आपली हलकी. आणि तो माणूस थांबायचा तरी, दुसरा असता तर थांबलाही नसता. शिवगंगे, आता खोकून उपयोग नाही. मामा, माझ्या तोंडाकडं बघू नका, पोरीकडं बघा. शाळेत शिकवते, कुणाला उलटून बोलत नाही, आईवर गेलीय लई. आणि स्थळ तिनंच सुचवलंय — कॉलेजात एक वर्ग पुढं होता मुलगा, तिच्या मनात आहे तो. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. म्हणून तर सकाळपासून एवढी —

हात धुवायचे? या, या, इकडून. सोडा नळ. बघा, कशी धार आहे! नाही, आजच काही आलं नाही ते, म्हणजे... जाऊ द्या, व्याह्यांशी खोटं कशाला. नळ होळीपासून नुसती हवा सोडतोय. हे वरच्या टाकीतलं. अमीरबीच्या बोअरचं. गल्लीत तेवढा एकच तग धरून आहे, तोही दोऱ्याएवढा. पहाटेपासून भिंतीवरून नळी टाकलीय तिनं — "बच्ची का काम है भाई, आज पानी तुम्हारा." बाकी बायकांना म्हणाली, मोटर बिघडलीय. रिकाम्या घागरी घेऊन गेल्या त्या, एकीनं खोदून विचारलं नाही. माहीत आहे ना सगळ्यांना, आज महानंदाचं घर बघायला येणार.

झाले हात? पाय पण? धुवा की. तोंडावर घ्या, उकाडा आहे. — फोन? घ्या ना, दाजींचाच असेल. बोला, निवांत बोला. फक्त ती तोटी जरा — नाही, बोला तुम्ही. मी काय म्हणतो, एका हातानं — मामा, तोटी... पाव्हण्यांना कसं सांगायचं हो... अगं महानंदा, तू कशाला बाहेर आलीस? तू नाही यायचं अजून, कार्यक्रम पुढं आहे, मामांच्या समोरून असं हात घालून —

केलास नळ बंद.

मामा, फोन चालू आहे ना अजून? सांगा दाजींना, नळ बघितला. मुलगीही बघितली. आणि आईवर गेलीय म्हणालो, ते जरा चुकलं माझं. चप्पल तिकडं, पायरीवर. या आता, शरणार्थ.

महानंदा, उभी राहू नको अशी. जा, भिंतीवरून अमीरबीला हाक मार. म्हणावं, मोटर दुरुस्त झाली.