पेनाने लिहिलेला एक शब्द

समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय अधिष्ठाता मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, माझे गुरुजन, कार्यालयातील बंधुभगिनी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आज जे सेवानिवृत्त होत आहेत ते शिष्यवृत्ती विभागाचे आपले हेडक्लार्क, म्हणजे खोडरबरकाका!

हसू नका. हे नाव त्यांना ठाऊक नाही, अशी आमची तीस वर्षं समजूत होती. मघाशी चहा घेताना ते स्वतःच म्हणाले, "खोडरबर बोल हो, डॉक्टरीणबाई, नाहीतर कुणाला कळायचं नाही."

काकांच्या खिडकीत दोऱ्याला बांधलेली पेन्सिल असायची आणि शेजारी खोडरबर. "आधी पेन्सिलीत भर. घाई करशील तर पस्तावशील," हे त्यांचं पालुपद. किती जणांचे अर्ज त्या पेन्सिलीने वाचवले असतील, कुणी मोजलंय का?

मी मात्र अतिशहाणी. दुसऱ्या वर्षाला होते. फी कर्जातून जायची, जामीनदार माझे बाबा. उरलेल्या खर्चासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज मी थेट पेनाने भरला. त्यात एक रकाना होता, वडील हयात की मयत. मी झोकात लिहिलं, 'हयात'.

बाबा लिफ्टमन होते. दिवसभर लोकांना आठव्या मजल्यावर पोचवणारा माणूस घरचा एक जिना चढताना दोनदा थांबायचा. आई म्हणायची, "अहो, दाखवून या की एकदा." तर म्हणायचे, "घरात डॉक्टर तयार होतेय, बाहेरच्याला कशाला दाखवू? थांब की जरा." आणि मी? त्याच महिन्यात हृदयाचे आजार घोकत होते. धाप, पायांवरची सूज, सगळं तोंडपाठ. ते पाय रोज माझ्यासमोर जेवायला बसत होते, पण मी पाहिले नाहीत. याचं दुःख मला आजही आहे, ते सभेत सांगू नये हेही कळतं. क्षमा असावी.

अर्ज दिल्यानंतर अकराव्या दिवशी बाबा गेले. जामीनदार गेला, म्हणून बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता थांबवला. कॉलेज सुटणार हे मी धरूनच चालले होते. तेवढ्यात काकांचा निरोप आला. वडील नसलेल्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती आहे, सगळी फी त्यातून जाते, शुक्रवारी मुदत संपते.

मी खिडकीशी गेले. नियम साधा होता. आधी दिलेल्याच अर्जात 'हयात' खोडायचं, वर 'मयत' लिहायचं आणि शेजारी सही करायची. माझा हातच चालेना. बाबांना खोडून मी डॉक्टर व्हायचं? मागे रांग चुळबुळ करत होती. काका खिडकी सोडून बाहेर आले. म्हणाले, "बाळ, त्याला हात लावू नकोस. हा नवा फॉर्म. बाकीचं तू भर, तो एक शब्द मी लिहितो."

त्यांनी तो लिहिला, पहिल्यांदाच पेन्सिलीशिवाय. मी खाली सही केली. त्या शब्दावर माझी डॉक्टरकी उभी आहे.

आता अर्ज संगणकावर भरतात. त्या रकान्यापुढे लाल फुली असते, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खुर्चीवरून उठून बाहेर कोण येणार, ही काळजी मी नव्या मंडळींवर सोपवते.

परवा काकांनी कपाट रिकामं केलं आणि मला बोलावून एक पिवळा कागद हातात दिला. "रद्दीत टाकायचा नियम होता. माझ्याने टाकवेना." तो माझा पहिला अर्ज होता. त्यात माझे बाबा अजून हयात आहेत.

काका, आपले आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलीही ऋणी आहे. बोलताना काही चुकलं असेल तर ते पेन्सिलीत होतं असं समजून खुशाल खोडून टाका. मी पेनाने लिहिलेला तो पहिला शब्द तेवढा राहू द्या.