टाकळवाडीचं कॉलेज शहर विभागात जातं

मंडळी, ऐका. टाळकरी, तुम्ही जरा दम घ्या. आजचा प्रश्न साधा आहे — माणूस कुणाच्या शेजारी बसला म्हणजे मोठा होतो?

पाट केला उंच । जागा बदलली ।
भूक तीच आली । मागे मागे ।।

ओवी माझी आहे. संतांच्या नावावर खपवत नाही, ती खोड दुसऱ्यांची. मी चौथी पास. पण चौथीपर्यंत जे शिकलो ते अजून विसरलो नाही, आणि हे पुढच्या रांगेतल्या बऱ्याच पदवीधरांना जमलेलं नाही!

तर टाकळवाडी नावाचं गाव. गावात कॉलेज. कॉलेजात खो-खोच्या पोरींचा संघ, आणि संघाची कप्तान शिवकन्या भालके. तिची आई कौसाबाई गावातल्याच आश्रमशाळेत स्वयंपाकीण. दोनशे लेकरांचा सकाळचा नाष्टा, दुपारचं जेवण, संध्याकाळचं जेवण. रजा घ्यावी तर भाकरी कोण थापणार? पण कॉलेजचं मैदान आश्रमशाळेच्या कुंपणाला लागून. पिठाचे हात पुसले की दहा पावलांवर मैदान.

आणि टाकळवाडीचं हाडवैर कुणाशी? भोकरणीशी. नऊ किलोमीटर. दोन्ही कॉलेजांचा सामना एका साली इकडं, एका साली तिकडं. त्यात एक रीत होती, लक्षात ठेवा — मैदान यजमानाचं, पण मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, चुन्याच्या फक्कीनं आखायची ती पाहुण्यांच्या कप्तानानं. का? तर हरल्यावर ‘पाटी वाकडी होती’ असं म्हणायला जागा राहू नये. वैर करावं तर असं!

शिवकन्येचं पहिलं वर्ष. सामना घरी. कौसाबाई कुंपणाशी येऊन उभी. पण लेक बदली खेळाडू, सगळा वेळ बाहेर सतरंजीवर. घरी गेल्यावर माय म्हणाली, “चांगली बसली व्हतीस.” दुसऱ्या वर्षी सामना भोकरणीला. आता तिसरं, शेवटचं वर्ष. सामना पुन्हा घरी, आणि लेक कप्तान. रोजचा सराव संध्याकाळी, तेव्हा माय चुलीपाशी. शिवकन्येला कप नको होता मंडळी. मायनं एकदा आपल्याला पळताना बघावं, एवढंच.

इथं प्रवेश करतात संस्थेचे अध्यक्ष, दाजीसाहेब ठोकळ.

आधी विभाग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर मागच्या बाया म्हणतील बुवा बरळायला लागला. विद्यापीठाखाली कॉलेजं शंभर. सगळी एकमेकांशी खेळत बसली तर पोरी म्हाताऱ्या होतील. म्हणून पंगती पाडलेल्या. एक ग्रामीण विभाग, एक शहर विभाग. आधी आपल्या पंगतीत जिंकायचं, मग पुढं जायचं. टाकळवाडी, भोकरणी ग्रामीण पंगतीत. सुखानं जेवत होती.

पण दाजीसाहेब एकदा शहरातला सामना पाहून आले. तिथं पाहुण्यांना सोफा! सामना मोबाइलवर दिसतो, आणि सामन्याबरोबर सोफाही दिसतो. साहेबांची झोप उडाली. खेळाच्या गवांदे सरांना बोलावलं.

“सर, आपण शहर विभागात जायचं.”

“साहेब, पोरी मातीत अनवाणी खेळतात. तिकडं मॅट आहे.”

“पायांचं काय घेऊन बसलात, दर्जा बघा.”

अर्जावर ‘कारण’ असा रकाना होता. साहेबांनी लिहिलं — दर्जा. खाली सही. कुणाला सांगू नका म्हणाले.

कुणाला सांगू नका म्हटलं की काय होतं? आठ दिवसांत भोकरणीच्या अध्यक्षांना कळलं. “ठोकळ जातो? मग आपण काय खेड्यात मरायचं?” अर्ज. कारण — दर्जा. त्यांचं बघून तिसऱ्या कॉलेजानं, चौथ्यानं, पाचव्यानं. सगळे गुपचूप.

आणि तिकडं शहरात काय चाललंय? शहरातली कॉलेजं एकमेकांशी हरून हरून टेकीला आलेली. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, खेड्यातल्या पंगतीत गेलं तर कप सोपा. त्यांचेही अर्ज! विद्यापीठात अर्ज घेणारा साहेब भला माणूस. येईल त्यावर शिक्का. वाचायची सवय नाही.

जुलैत यादी लागली. शहर विभागात कोण? टाकळवाडी, भोकरणी आणि आपलीच सगळी खेडी. ग्रामीण विभागात कोण? शहरातली झाडून सारी कॉलेजं! आता शहर विभागाचं मैदान शहरात, म्हणून खेडी निघाली शहराकडं. ग्रामीण विभागाचं मैदान खेड्यात, म्हणून शहर निघालं खेड्याकडं. घाटात गाड्या समोरासमोर. ड्रायव्हर एकमेकांना हात करतात, आणि सर लोक खिडकीचे पडदे ओढून घेतात.

हसू नका. तुमच्या घरात नाही का झालं असं? तुम्ही तालुक्याला प्लॉट घेतला, शेजारी कोण राहायला आला? गावातला भाऊबंद!

टाकळवाडीचा पहिलाच सामना लागला भोकरणीशी. कुठं? एकशे चाळीस किलोमीटरवर. शिवकन्या यादी घेऊन दाजीसाहेबांच्या दारात.

“साहेब, त्यांच्या गिरणीचा भोंगा आपल्याला ऐकू येतो. त्यांच्याशी खेळायला आम्ही शहरात जायचं?”

“अगं, ती भोकरणी वेगळी. ही आता शहर विभागातली भोकरणी आहे.”

“पोरी त्याच हायेत की.”

“दर्जा वेगळा, बाळ.”

पोर घरी आली. कौसाबाई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “जाऊ दे. मोबाइलात दिसन म्हणतेत.” मोबाइल कुणाकडं होता? घरात एकच, तोही बटनाचा.

सामन्याचा दिवस. सकाळी साडेसहाला टाकळवाडीची गाडी फाट्यावर उभी. दाजीसाहेब आदल्या दिवशीच पुढं गेलेले, सोफा धरायला. पोरी गाडीत बसल्या. शिवकन्या बसेना. रस्त्याच्या मधोमध उभी, आणि हातात काय? फक्कीची बादली.

भोकरणीहून शहराला जायचा रस्ता टाकळवाडीवरूनच. त्यांची जीप आली, थांबली. कप्तान सत्यशीला गर्जे खाली उतरली. अंगानं काटक, जिभेनं तिखट.

“शिवे, बाजूला सर. दहाला हजेरी हाय.”

“तिकडं जाऊन कुणाशी खेळणारेस?”

“तुझ्याशी.”

“मग मी इथं हाय की.”

“येडी का काय तू?”

“मायनं मला एकदाबी पळताना बघितलं नाही. नाष्टा वाढून नवाला मोकळी व्हते ती. माझं हे शेवटचं साल.” मग म्हणाली, “तू नको म्हणालीस तर गप गाडीत बसते. तुझं नाव विद्यापीठाच्या संघासाठी चाललंय, मला ठावं हाय.”

गवांदे सर धावत आले. “अगं पोरींनो, हजेरी चुकली तर दोन्ही संघ बाद! कुणीच पुढं जाणार नाही.” ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्याला कळलं होतं, इथं वेळ लागणार.

आता सत्यशीलेचं ऐका. तिचंही एकच आयुष्य, मंडळी. विद्यापीठाचा शर्ट कुणाला नको असतो? तिनं जीपकडं बघितलं. घाटाकडं बघितलं. मग शिवकन्येच्या हातातली बादली हिसकून घेतली आणि मैदानाकडं चालू पडली.

मधली पाटी तिनंच आखली. सरळ. सुतासारखी.

नवाला कौसाबाई कुंपणाशी आली, पिठाच्या हातानं. मागं दोनशे लेकरं. गवांदे सरांनी देवाचं नाव घेतलं आणि शिट्टी फुंकली. दहा वाजून गेले, शेवटचा डाव बाकी, आणि सरांचा फोन वाजला. शहरातून दाजीसाहेब.

“सर, दोन्ही संघांचं नाव दोनदा पुकारलं. कुठं आहात?”

“आपल्या मैदानावर, साहेब.”

“आणि भोकरणी?”

“तीही आपल्याच मैदानावर.”

“मग इथं मी काय करतोय?”

सर म्हणाले, “ते मला कसं ठाऊक असणार?” आणि फोन खिशात घातला. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा!

शेवटच्या डावात शिवकन्या पळतीला. तिच्या दोन्ही जोडीदारणी बाद झालेल्या. एकटी. हुलकावणी देते, वळते, बसलेल्या पोरींच्या रांगेतून साळुंकीसारखी सुटते. चार मिनिटं! अजून तीस सेकंद काढले तर सामना बरोबरीत. आणि सत्यशीलेनं खांबावर असा सूर मारला की धुरळ्यात दोघी दिसेनात. शिट्टी. शिवकन्या बाद. टाकळवाडी एका गुणानं हरली.

टाकळवाडीच्या पोरी मटकन खाली बसल्या. आणि कुंपणाशी एकच बाई टाळ्या वाजवतीय, पिठाचा धूर उडतोय. कौसाबाई! तिला खेळ कळतो कुठं? शेजारणीला सांगत होती, “आठजणी पाठी लागल्या व्हत्या गं माझ्या लेकीच्या. आठजणी! बघितलंस का कशी दमवली त्यास्नी.”

विद्यापीठानं दोन्ही संघ बाद केले. सत्यशीलेचं नाव संघात आलं नाही. ती अजून भेटली की शिवकन्येला शिव्या देते, आणि जेवल्याशिवाय जात नाही. दाजीसाहेबांनी यंदा पुन्हा अर्ज केलाय, परत यायचा. कारण? तेच. दर्जा!

आता तुमच्याकडं वळतो. दाजीसाहेबांवर पोटभर हसलात. पुढच्या रांगेतले संस्थावाले जरा कमी हसले, मला दिसतं इथून. मांडव त्यांनी दिलाय, म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर माणूस चुकला. पण आज त्यांना सोडतो. बापांनो, हात वर करा — आपल्या लेकीला मैदानावर पळताना एकदा तरी ज्यानं पाहिलंय त्यानं.

तीन. त्यातला एक तंबाखू झटकत होता.

लेक नववीत आहे की दहावीत, हे बायकोला विचारून सांगणारे तुम्ही, आणि तिला शहरातल्या नामांकित कॉलेजात घालायची घाई! कुठं घालायचं ते मागाहून ठरवा. तुमच्याच शाळेच्या मागं पोरी रोज पाच वाजता सराव करतात. येताना मी पाहिल्या. चौदा पोरी, आणि बघायला एक म्हैस.

टाळकरी, आज शेवटचा गजर नको. मंडळी, हात तसेच जपून ठेवा. उद्या पाचला तिकडं वाजवा.